छपराखालचा उन्हाळा

मार्च संपत आला की वर्तमानपत्रांत एक चौकट छापून येते. दुपारी बारा ते तीन घराबाहेर पडू नका, डोक्याला टोपी किंवा रुमाल बांधा, सैल सुती कपडे घाला, तहान नसली तरी पाणी प्या. आरोग्य खात्याची ही चौकट कापून स्वयंपाकघरात चिकटवावी अशीच असते. पण भिवंडीत ती वाचताना मला दर वर्षी एकच प्रश्न पडतो. ज्या माणसासाठी ही सूचना लिहिली आहे, तो राहतो तरी कुठे? त्याचे घर रस्त्यापेक्षा थंड आहे, तो दिवसा काम करतो व रात्री झोपतो आणि ऊन त्याला उंबरठ्याबाहेर भेटते, असे ही चौकट धरून चालते. भिवंडीतल्या हजारो माणसांच्या बाबतीत या तिन्ही गोष्टी नेमक्या उलट आहेत.

बँकेच्या नोकरीत मागांवर दिलेल्या कर्जाची तपासणी करायला मी या गावातल्या कारखान्यांत पुष्कळ हिंडलो आहे. कारखाना हा शब्द मोठा. प्रत्यक्षात चार भिंती, वर सिमेंटचे किंवा लोखंडी पत्रे आणि खाली दाटीवाटीने बसवलेले आठ, बारा, फार तर चोवीस माग. मे महिन्यात आत पाऊल टाकले की पहिल्यांदा आवाज अंगावर येतो, आणि मग हवा. खिडक्या बंद असतात, कारण वाऱ्याने ताण्याचे धागे तुटतात. पंखा नसतो, असला तरी फिरवत नाहीत, कारण कापसाची फुसफुस उडून कापडावर बसते. जमिनीवर मात्र पाणी मारलेले असते. नवख्याला वाटावे, मालकाने कामगारांसाठी गारवा केला. तसे नसते. कोरड्या हवेत सूत ठिसूळ होऊन तुटते, म्हणून त्याला दमटपणा लागतो. सुताची ही मर्जी सांभाळणारी हवा माणसाला मात्र मानवत नाही.

याचे कारण शाळेतल्या विज्ञानाइतके सोपे आहे. आपले शरीर घामाने थंड होत नाही, घाम वाळल्याने थंड होते. हवा आधीच ओलसर असेल तर घाम नुसता निथळत राहतो. पाणी आणि मीठ जाते, उष्णता मात्र आतच राहते. म्हणून विदर्भातल्या कोरड्या बेचाळीस अंशांची आणि आपल्याकडच्या चिकट अडतीस अंशांची तुलना नुसत्या आकड्याने करता येत नाही. हवामान खात्यालाही हे मान्य आहे. मैदानी भागात उष्णतेच्या लाटेचा विचार ४० अंशांपासून सुरू होतो, तर किनारपट्टीवर ३७ पासूनच. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा समारंभ झाला, तेव्हा तापमान ३८ अंशांच्या आसपास होते. नागपूरकर त्याला उन्हाळा म्हणणार नाहीत. त्या दिवसाने चौदा माणसे नेली.

सुताचा दमटपणा आणि विणकराचा जीव यांचे हे भांडण भिवंडीने शोधून काढलेले नाही. इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांत सूत तुटू नये म्हणून हवेत मुद्दाम वाफ सोडत, आणि तिथल्या विणकरांनी त्याविरुद्ध वर्षानुवर्षे ओरड केली. शेवटी १८८९ साली कायदा झाला. विणकामाच्या जागी दोन प्रकारचे तापमापक टांगायचे, एक कोरडा आणि एक ओल्या कापडात गुंडाळलेला, आणि त्यांच्या आकड्यांवरून दमटपणाची मर्यादा पाळायची. पुढे १९०५ मध्ये जे. एस. हाल्डेन या शास्त्रज्ञाने दाखवून दिले, की माणूस किती उष्णता सोसेल हे कोरड्या नव्हे, ओल्या तापमापकावर ठरते. ही गोष्ट सव्वाशे वर्षांची जुनी. भिवंडीत मी जेवढे कारखाने पाहिले, त्यांपैकी एकातही हा ओला तापमापक मला दिसला नाही. सुताचा नंबर, बीमची लांबी, कापडाचे मीटर, विजेचे युनिट यांचा हिशेब मात्र काटेकोर असे.

आता रातपाळीच्या माणसाकडे या. पाळी बारा तासांची, मजुरी कापडाच्या मापावर. सकाळी पाळी सुटली की तो खोलीवर येतो. खोलीही पत्र्याचीच, आणि तीत दहा-बारा जण आळीपाळीने झोपणारे. दिवसपाळीवाला उठून गेला की त्याच जागेवर रातपाळीवाला अंग टाकतो. म्हणजे चौकट ज्या बारा ते तीनच्या वेळात ‘घरीच थांबा’ म्हणते, त्याच वेळी हा माणूस गावातल्या सर्वांत तापलेल्या छपराखाली झोपायचा प्रयत्न करत असतो. दिवसभराची उष्णता शरीर रात्रीच्या गारव्यात फेडते. माझ्या जुन्या व्यवसायाच्या भाषेत सांगायचे तर, याची थकबाकी फिटतच नाही, रोज व्याज चढते. जुलै १९९५ मध्ये अमेरिकेतल्या शिकागो शहरात उष्णतेची लाट आली आणि सातशेहून अधिक माणसे गेली. त्यांतले पुष्कळ जण रस्त्यावर नव्हे, बंद खोल्यांत गेले; वयस्क, एकटे राहणारे, रात्रीही न निवणाऱ्या घरांतले. श्रीमंत देशातही ऊन घरात शिरून मारते ते असे.

दुसरा धोका असतो तो नव्या पोराला. उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून कामगार येतात, लग्नसराईला गावी जातात, परततात. उष्णतेत काम करायची सवय शरीराला लागायला आठवडा-दोन आठवडे जातात, आणि सुटीत ती मोडतेही. म्हणून कामावरचे पहिले काही दिवस सर्वांत घातक. अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेचा सल्ला असा, की नव्या माणसाला पहिल्या दिवशी उष्णतेत पूर्ण कामाच्या पाचव्या हिश्शाइतकेच काम द्यावे आणि रोज तेवढेच वाढवावे. आपल्याकडे हे मुकादमाला सांगितले तर तो हसेल. पण निदान नव्या माणसाला पहिल्याच रात्री सहा माग देऊ नयेत, एवढे तर त्यालाही कळते.

कायदा काय म्हणत होता? १९४८च्या कारखाना कायद्यात उन्हाळ्यात थंड पाण्याची सोय करण्याचे कलम होते, पण ते अडीचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांना. भिवंडीत चार माग थोरल्याच्या नावावर, चार धाकट्याच्या, चार भावजयीच्या; कागदावर कारखाना कधी मोठा होतच नाही. ही कागदी वाटणी आम्ही बँकवालेही पाहत होतो, आणि कागद बरोबर असल्यामुळे पुढे सरकवत होतो.

उरते ती सार्वजनिक आरोग्यसेवा. २०११च्या जनगणनेत महापालिकेची लोकसंख्या ७,०९,६६५ होती. तेव्हापासून ती वाढलीच असणार. गावाचा मुख्य आधार इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालय, त्याच्या जोडीला महापालिकेची नागरी आरोग्य केंद्रे. शिवाय शेलार, खोणी इथले माग आणि काल्हेर, राहनाळ इथली गोदामे महापालिकेच्या हद्दीबाहेर, ग्रामपंचायतीत. तिथे जबाबदारी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक आरोग्य केंद्राची. पत्रा अलीकडे आणि पलीकडे सारखाच तापतो. कागदावर मात्र एक बाजू शहर, दुसरी खेडे.

माझी तक्रार डॉक्टरांच्या संख्येपेक्षा घड्याळाबद्दल आहे. सकाळी भरणाऱ्या बाह्यरुग्ण विभागात रातपाळीवाला जायचा तर झोप बुडवून, आणि दिवसपाळीवाला जायचा तर मजुरी बुडवून. २०२३च्या महाराष्ट्रदिनी राज्यात ‘आपला दवाखाना’ योजना सुरू झाली, तेव्हा तिची वेळ दुपारी दोन ते रात्री दहा अशी ठरवण्यात आली. सरकारी दवाखाना कामगाराच्या घड्याळाने उघडता येतो, हे निदान कागदावर तरी सिद्ध झाले. मागांच्या वस्तीत, एप्रिल-मेपुरते तरी, प्रत्येक केंद्राने पाळी बदलण्याच्या वेळी दार उघडे ठेवायला हवे.

आणि आरोग्यसेविका घरोघर जाते, पण या माणसांना घर कुठे आहे? त्यांना गाठण्याची जागा म्हणजे बिस्सी. महिन्याचे पैसे भरून कामगार जिथे दोन वेळ जेवतात, त्या खाणावळीला भिवंडीत बिस्सी म्हणतात. तिथला भटारी शेकडो माणसांना रोज पाहतो. कोण जेवला नाही, कोण गप्प आहे, हे त्याला डॉक्टरच्या आधी कळते. जलसंजीवनीची पाकिटे ठेवायची, ताक किंवा मीठ घातलेले लिंबूपाणी वाढायचे, आणि धोक्याची खूण शिकवायची, तर ती त्याला.

ती खूण घरोघरीही माहीत हवी. उन्हाने नुसते थकलेल्या माणसाला सावली, पाणी, मीठ-साखर पुरते. आपले पन्हे आणि कोकमही उत्तम. पण अंग चटका लागेल इतके तापलेले आहे आणि माणूस असंबद्ध बोलतो, धडपडतो किंवा शुद्ध हरपतो, तर तो उष्माघात. घाम येत असला तरी उष्माघातच. घाम थांबेपर्यंत वाट पाहू नये. १०८ क्रमांकाला फोन करावा, पण गाडी येईपर्यंत थांबू नये. कपडे सैल करून अंगावर पाणी ओतावे, जोराने वारा घालावा, मान, काखा आणि जांघांत बर्फ ठेवावा. बेशुद्धाच्या तोंडात पाणी घालू नये. तापाची गोळी देऊ नये. हा ताप तिला ऐकत नाही. खिशातल्या कांद्याने कुणाचे नुकसान होत नाही, एवढेच त्याच्याविषयी म्हणता येईल. घरात रक्तदाबाची, विशेषतः लघवी वाढवणारी गोळी घेणारे आजी-आजोबा असतील, तर उन्हाळा लागण्यापूर्वी डॉक्टरांना एकदा विचारून घ्यावे.

मे २०१० मध्ये अहमदाबादचा पारा ४६.८ अंशांवर गेला होता. उष्माघात म्हणून नोंदले गेलेले मृत्यू थोडेच होते. मग अभ्यासकांनी साधी बेरीज-वजाबाकी केली. त्या महिन्यात शहरात सर्व कारणांनी एकूण किती माणसे गेली, आणि आधीच्या-नंतरच्या वर्षी मे महिन्यात किती? फरक निघाला १,३४४. दाखल्यांवर बहुधा हृदयविकार आणि म्हातारपण असले पाहिजे. तो आकडा समोर आला म्हणून २०१३ मध्ये तिथल्या महापालिकेने उष्णतेचा कृती आराखडा केला, इशाऱ्याची साखळी बांधली, पुढे गरिबांच्या घरांची छपरे पांढऱ्या रंगाने रंगवायला घेतली.

चुन्याला फार पैसे पडत नाहीत. आमच्या ओळखीच्या एका मागमालकाने पत्र्यावर दोन हात चुना मारून घेतला. कामगारांसाठी म्हणून नव्हे, सूत तुटते म्हणून. त्याचे काम भागले, कामगारांचेही थोडे भागले. मला त्यात काही वावगे वाटत नाही.

मृत्यूंची नोंदवही तर महापालिकेच्या कपाटातच असते. मागची दहा वर्षे काढायची, एप्रिल-मेचे मृत्यू प्रभागवार लिहायचे, शेजारी इतर महिने ठेवायचे. त्यात गावी नेऊन सोडलेला आजारी कामगार सापडणार नाही. तो तिकडच्या नोंदवहीत गेला. पण जे इथे गेले, त्यांची खतावणी करायला दोन कारकून आणि एक महिना पुरेल. शिपायापासून व्यवस्थापकापर्यंत अशा किती खतावण्या आम्ही मार्चअखेरीस रात्र-रात्र बसून जुळवल्या आहेत, तेही चार आण्यांचा फरक सापडत नाही म्हणून.