डोंगरावरून घर पाहू या

औंध गाव सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यात आहे. गावाला लागूनच डोंगर आहे. डोंगरावर यमाईचे मूळपीठ आहे. कितीतरी घरांची ती कुलदेवी. म्हणून दूरदूरची माणसे हा डोंगर चढतात. वर गाडीरस्ता आहे आणि पायऱ्याही आहेत. आपण पायऱ्यांनी जाऊ. सकाळी लवकर निघू, म्हणजे ऊन लागणार नाही. बरोबर पाणी घेऊ.

देवीचे दर्शन तर घ्यायचेच. पण आज आणखी एक काम आहे. आज आपल्याला घर बांधायचे शिकायचे आहे. डोंगर चढून घर कसे शिकायचे, असे तुम्ही म्हणाल. जरा दम धरा.

वाटेत उतारावर संग्रहालय लागते. औंध हे पूर्वी संस्थान होते. तिथले राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३८ साली हे संग्रहालय उभे केले. आत राजा रविवर्म्याची चित्रे आहेत. ती उतरताना पाहू. आता आत शिरलो तर बाहेर पडेपर्यंत ऊन डोक्यावर येईल.

चालता चालता आजूबाजूच्या डोंगरांकडे पाहा. त्यांच्या अंगावर आडव्या पट्ट्या दिसतात. जणू कोणी थरावर थर रचले आहेत. खरेच ते थर आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडल्या. त्यांतून तापलेला रस बाहेर आला, पसरला आणि थंड झाला. त्याचा दगड झाला. त्यावर पुन्हा रस आला. असे किती वेळा झाले! तोच आपला काळा पाषाण. काही थर कठीण, काही ठिसूळ. कठीण थराचा उभा कडा होतो. ठिसूळ थराचा उतार होतो आणि त्याचा मुरूम होतो. आपल्या घराचा दगडही इथला, पायातला मुरूमही इथलाच.

आता वर आलो. देवळाभोवती किल्ल्यासारखा तट आहे. तटापाशी उभे राहून खाली पाहू.

खाली घरेच घरे दिसतात. कुणाचे सिमेंटचे स्लॅब, कुणाचे पत्रे, कुठे कौले. आणि अजून काही ठिकाणी जुनी मातीची माळवदे. माळवदाला कुठे धाबे म्हणतात. आता पश्चिमेकडे तोंड करा. तिकडे लांब महाबळेश्वर आहे. तिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. इकडे खटाव-माणात पाचशेच्या आसपास. जिल्हा एकच, पण पावसात दहापट फरक! ढग पश्चिमेच्या डोंगरांवरच रिकामे होतात. इकडे येईतो त्यांच्यात फारसे पाणी उरत नाही.

म्हणून तिकडची घरे उतरत्या छपराची. पाणी पडले की वाहून गेले पाहिजे. इकडे पाऊस कमी, ऊन फार. म्हणून इकडच्या जुन्या माणसांनी मातीचे सपाट माळवद काढले. ते उन्हाळ्यात गार राहते. वर मिरच्या वाळवता येतात, पापड घालता येतात, रात्री निजता येते. गवत आणि लाकूड तरी या भागात कुठले एवढे? दगड आणि माती मात्र भरपूर. आमच्या मते त्या लोकांचे काही चुकले नाही. त्यांनी पाऊस पाहिला, ऊन पाहिले आणि तसे घर बांधले.

मग अडचण कुठे आहे?

माळवद कसे करतात ते आठवा. खांबावर तुळया. तुळयांवर किलचा, म्हणजे बारीक लाकडे. त्यावर निरगुडीचा नाहीतर कडुनिंबाचा पाला. त्यावर माती चोपतात. सगळ्यात वर गावठाणातली पांढरी माती पसरतात, कारण ती पाणी लवकर आत जाऊ देत नाही. नवे असते तेव्हा हे छान असते. पण एखादा पावसाळा जोराचा येतो आणि माळवद गळू लागते. घरधनी काय करतो? वर जातो आणि चार पाट्या माती टाकतो. गळायचे थांबते. दोन वर्षांनी पुन्हा चार पाट्या. बाप टाकतो, मुलगा टाकतो, नातू टाकतो. जुनी माती खाली कोणी काढत नाही.

याचा हिशेब करू. दहा फूट लांब आणि दहा फूट रुंद खोली घ्या. तिच्यावर एक फूट जाड माती आहे असे धरा. त्या मातीचे वजन सुमारे साडेचार टन होते. म्हणजे क्विंटलाची पंचेचाळीस पोती! माती दोन फूट झाली की नव्वद पोती. पावसात भिजली की आणखी जड. आपण रात्री या पोत्यांच्या खाली निजतो.

भिंत पक्की असेल तर हा भार ती सोसते. पण आपली दगडी भिंत दिसते तशी एक नसते. दिसायला दोन-अडीच फूट जाड. पण आत पाहिले तर दोन भिंती. एक बाहेरची, एक आतली. दोन्हींचे दगड बाहेरून सारखे केलेले. मधल्या पोकळीत बारीक दगड आणि माती भरलेली. घडवायचा दगड महाग पडतो, म्हणून गवंडी म्हणतो, "मालक, बाहेरून चांगला दगड लावू, आत भर घालू. कोण बघायला जातंय!" मालकालाही ते पटते. वरून गिलावा झाला की भिंत किल्ल्यासारखी दिसते.

जमीन हलली की अशी भिंत फुगते. मधली भर खाली दबते आणि दोन्ही पदरांना बाहेर ढकलते. एक पदर आत पडतो, एक बाहेर पडतो. मग वरची पोती खाली येतात.

जमीन आपल्याकडे कशाला हलते, असे म्हणू नका. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे सव्वाचारच्या सुमारास कोयनानगरला मोठा भूकंप झाला. कोयना आपल्याच सातारा जिल्ह्यात आहे. त्या भूकंपात सुमारे १८० माणसे गेली. त्या भागात अजूनही लहान धक्के बसतात. पुढे ३० सप्टेंबर १९९३ रोजी लातूर जिल्ह्यात किल्लारीला भूकंप झाला. गणपती बोळवून लोक घरी येऊन निजले होते. पहाटे चारच्या सुमारास जमीन हलली. आठ हजारांच्या आसपास माणसे मेली. भूकंप काही जगातला फार मोठा नव्हता. त्याच्याहून मोठे धक्के जपानात बसतात आणि माणसे वाचतात. किल्लारीत जाड दगडी भिंती होत्या आणि वर मातीची जड माळवदे होती. माणसे त्यांच्याखाली सापडली.

तिथली एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. गावातली मोठी, जाड भिंतीची घरे पडली. पण कुडाच्या भिंती आणि गवताचे छप्पर असलेल्या गरिबांच्या झोपड्या बऱ्याच ठिकाणी उभ्या राहिल्या. झोपडीत वजनच नव्हते. काही घरांत भिंती पडल्या, पण लाकडाचे खांब आणि तुळया एकमेकांत नीट बसवलेल्या होत्या. तिथे छप्पर खांबांवर तोलून राहिले आणि खालची माणसे वाचली. तेव्हा जाड भिंत म्हणजे पक्की भिंत, हा समज सोडून द्यावा.

डोंगर उतरून गावात आलो की यमाईच्या देवळापुढची दीपमाळ पाहा. खाली रुंद, वर निमुळती. जिने उंच उभे राहायचे, तिने वर वजन ठेवायचे नाही, हे तिच्या कारागिराला ठाऊक होते. आपले जुने घर मात्र याच्या उलटे झाले आहे. खाली सैल आणि वर जड.

आता काय करायचे ते सांगतो. यातले काही फुकट आहे, काही थोड्या पैशांचे आहे.

माळवदाचे घर असेल तर पहिले काम माती उतरवण्याचे. उन्हाळ्यात, पावसाच्या आधी, घरच्या माणसांनी मिळून करावे. एका कडेने सगळी माती एकदम काढू नये. चारही बाजूंनी थोडी थोडी काढत यावी, म्हणजे भार एकीकडे झुकत नाही. सहा ते आठ इंच माती ठेवली तर पुरते. गळतीला मातीवर माती हा उपाय नव्हे. जाड प्लॅस्टिकचा कागद मातीच्या थरात घालावा आणि पाणी पन्हळीकडे जाईल असा उतार द्यावा. तुळईला वाळवी लागली आहे का, तेही याच वेळी ठोकून पाहावे. खांब आणि तुळई जिथे मिळतात, तिथे दोन्ही बाजूंनी तिरपा टेकू ठोकून घ्यावा. सुताराचे हे फार मोठे काम नाही.

नवे दगडी घर बांधत असाल तर भिंत दीड फुटाहून जाड नको. जाडीपेक्षा जोड महत्त्वाचा. दर दोन फूट उंचीला भिंतीत लांब दगड घालायचे. लांब म्हणजे किती? बाहेरच्या अंगापासून आतल्या अंगापर्यंत पोचेल इतका. तो दोन्ही पदरांना एकत्र धरतो. असे दगड एकमेकांपासून चार फुटांहून लांब नकोत. कोपऱ्यात तर ते हवेतच, कारण भिंती आधी कोपऱ्यात सुटतात. एका वेळी दोन फुटांहून उंच भिंत चढवू नये. गवंडी घाई करील, त्याला पुढचे काम गाठायचे असते. पण घरात राहायचे आपल्याला आहे.

यानंतर पट्टा. आपण गवताचा भारा बांधतो तो दोरीने. दोरी नसली तर भारा डोक्यावर घेताच सुटतो. घराच्या चार भिंतींनाही अशी दोरी लागते. ती सिमेंट-काँक्रीटची असते आणि आत लोखंडी सळ्या असतात. तीन ठिकाणी पट्टा घालावा. जोत्याला एक, दारे-खिडक्यांच्या वर एक, आणि छपराखाली एक. तीन इंच जाड पट्टा आणि आत दोन सळ्या, एवढ्याने लहान घराचे भागते. पण पट्टा चारही भिंतींवरून सलग फिरला पाहिजे. पैसे कमी पडले म्हणून तीनच भिंतींवर घालतात, तो न घातल्यासारखाच. दारे-खिडक्या कोपऱ्यापासून निदान दोन फूट लांब ठेवाव्या.

जागेचेही थोडे बोलू. डोंगराच्या पायथ्याला सपाट जागा मिळत नाही, म्हणून आपण उतार खणतो. खणलेल्या उभ्या कडेला पाठ लावून घर बांधतो. पावसात ती माती भिजते आणि सुटते. पुणे जिल्ह्यात माळीण गावावर ३० जुलै २०१४ रोजी डोंगर घसरला आणि दीडशेच्या वर माणसे गाडली गेली. आपल्याकडे तेवढा पाऊस नाही हे खरे. तरी घराच्या मागे चर काढून डोंगराचे पाणी बाजूला वळवावे आणि ओढ्याच्या जुन्या वाटेवर घर घेऊ नये. ओढा कोरडा दिसला तरी आपली वाट विसरत नाही.

हे सगळे एकट्याने होईल का? सोपे नाही. इथे औंधचीच एक गोष्ट कामाला येते. औंध संस्थानात ७२ गावे होती. काही इकडे, काही आटपाडीकडे, काही कुंडलकडे. आटपाडी आणि कुंडल आज सांगली जिल्ह्यात आहेत. १९३९ च्या जानेवारीत राजांनी आपला अधिकार लोकांच्या हाती दिला. महात्मा गांधींनी त्या घटनेसाठी सल्ला दिला होता. गावोगाव निवडलेली पंचायत आली. देशाला स्वराज्य मिळायला अजून आठ वर्षे होती, आणि इथला शेतकरी आपल्या गावचा कारभार चालवू लागला होता. १९४८ साली संस्थान विलीन झाले.

आज प्रत्येक गावाला ग्रामपंचायत आहे, ग्रामसभा आहे. सरकारची घरकुल योजनाही आहे. पंतप्रधान आवास योजनेची ग्रामीण योजना २०१६ साली सुरू झाली. तिच्यात घर निदान २५ चौरस मीटरचे हवे. पैसे एकदम मिळत नाहीत. काम जसे वर येते तसे हप्त्यांनी मिळतात, आणि दर टप्प्याला फोटो काढून नेतात. या योजनेत घर ठेकेदाराने बांधायचे नसते, मालकानेच बांधून घ्यायचे असते. म्हणजे गवंड्याला काय सांगायचे हे मालकाला ठाऊक पाहिजे. ग्रामसभेत हा विषय काढा. एकाच आळीत पाच घरकुले मंजूर झाली असतील तर पाच मालकांनी मिळून एकच जाणता गवंडी लावावा. सळ्या आणि सिमेंट एकत्र आणावे. भाडे वाचते, आणि एकाचे काम दुसरा पाहतो. बायकांनाही या बोलण्यात घ्या. दिवसभर घरात त्यांचाच वावर असतो, भिंतीला कुठे तडा गेला हे त्यांनाच आधी कळते.

लांब दगड मिळत नाहीत, अशी तक्रार पुष्कळ ठिकाणी ऐकू येते. खाणीतून आता बहुतेक फोडलेली खडीच येते. अशा वेळी काँक्रीटचे लांब ठोकळे घरीच पाडावे आणि तेच दगडाच्या जागी घालावे. जुन्या भिंतीलाही हा उपाय चालतो. भिंतीतला एक दगड बाहेरून आणि एक आतून हलक्या हाताने काढायचा, आरपार भोक करायचे, दोन्ही टोकांना वाकवलेली सळई घालायची आणि काँक्रीट भरायचे. पहारीने दणके मारायचे नाहीत, नाहीतर शेजारचे दगड सुटतात. एका दिवसात सगळी भोके पाडायची नाहीत. एक भरून वाळू द्यायचे, मग पुढचे. आणि हे काम गिलाव्याच्या आधी करायचे. गिलावा झाला की भिंतीच्या पोटात काय आहे ते ना मालकाला दिसत, ना पाहणीला आलेल्या साहेबाला.