खोल गेलं की शुद्ध?

विहिरीचं पाणी बिघडलं की गावात एकच सल्ला मिळतो: ‘बोअर मारा.’ जितकं खोल तितकं शुद्ध, हा आपला पक्का समज. महाराष्ट्रातला खडक मात्र त्याला साथ देत नाही.

राज्याचा सुमारे ८२ टक्के भाग काळ्या कातळाचा, म्हणजे बेसॉल्टचा. इथे पाणी साठतं ते वरच्या मुरमात आणि खालच्या भेगांत. वाळूतून झिरपणारं पाणी थोडंफार गाळलं जातं. भेगेतलं थेट उतरतं, वरची घाण सोबत घेऊन. पिकाने न उचललेला युरिया, उकिरडा आणि संडासाचा शोषखड्डा यांतलं नायट्रेट पावसाबरोबर असंच खाली जातं. त्याला रंग नाही, वास नाही. लिटरमागे ४५ मिलिग्रॅमची मर्यादा ओलांडली की सर्वाधिक धोका तान्ह्या बाळांना. त्यांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटते.

फुरसुंगी आणि उरुळी देवाचीत पुण्याच्या कचऱ्याचा काळा रस जमिनीत मुरला. विहिरी नासल्या आणि गावं टँकरवर आली. शिरोळ तालुक्यात तर बिघाडाला ना कारखाना लागला, ना कचरा. उसाला दिलेल्या बेसुमार पाण्यानेच जमीन क्षारपड केली. निचरा नसला की पाणी वर चढतं, उडून जातं आणि मीठ मागे ठेवतं.

हे झालं माणसाचं. यवतमाळ, चंद्रपूरच्या काही भागांत दोष खडकाचाच. तिथल्या खनिजांतलं फ्लोराइड पाण्यात विरघळतं. खोलवर पाणी वर्षानुवर्षं खडकाला चिकटून राहतं, म्हणून बऱ्याच ठिकाणी उथळ विहिरीपेक्षा बोअरमध्येच फ्लोराइड जास्त सापडतं. दीड मिलिग्रॅमपुढे आधी दातांवर डाग पडतात, पुढे हाडं ताठरतात. अकोला, अमरावती, बुलडाण्यातल्या पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात तर भूजलाचा खारेपणा निसर्गानेच दिलेला.

म्हणून एकच औषध सगळीकडे चालत नाही. नायट्रेटसाठी खताची मात्रा आणि शोषखड्ड्याची जागा बदलावी लागते. क्षारपडीला चर खणून निचरा द्यावा लागतो. फ्लोराइडच्या गावात पावसाचं पाणी मुरवून उथळ विहीर जगवणं बोअरपेक्षा शहाणपणाचं ठरू शकतं. उकळून यातलं काहीच जात नाही; उलट पाणी आटतं आणि क्षार दाट होतात.

तेव्हा बोअरच्या गाडीला सांगावा धाडण्याआधी शेजारपाजारच्या विहिरी-बोअरचं बाटली-बाटली पाणी प्रयोगशाळेत पोचू द्या. किती फूट जायचं, की जायचंच नाही, हे त्या बाटल्यांना विचारा.