दोन आवाज आणि एक बटण

पेटीचा सा आणि बासरीचा सा एकाच उंचीचे आणि सारख्याच जोराचे असले तरी डोळे मिटून ओळखता येतात. उरलेल्या या फरकाला संगीताच्या पुस्तकांत नादाची 'जाती' म्हणतात. मुख्य स्वराबरोबर कोणते उपस्वर किती प्रमाणात आहेत आणि ते कसे उठतात, कसे विरतात, यांवर ती ठरते. सिंथेसायझरवर ही जाती आकडे बदलून घडवता येते. यामाहा कंपनीचा १९८३ साली आलेला डीएक्स-७ हा ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड त्याचा उत्तम नमुना आहे.

त्यामागची युक्ती अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या जॉन चाउनिंग यांना १९६७ साली सापडली. एका लहरीची वारंवारता दुसऱ्या लहरीने भराभर वरखाली करायची. पहिलीला वाहक म्हणू, दुसरीला चालक. वाहक २०० हर्ट्झचा आणि चालकही २०० चा असेल, तर २००, ४००, ६००, ८०० असे सगळ्या पटींचे स्वर मिळतात. आवाज भरदार होतो. चालक ४०० चा केला, की २००, ६००, १००० असे फक्त विषम पटींचे स्वर उरतात आणि आवाज पोकळ, क्लॅरिनेटसारखा होतो. एका टोकाला बंद असलेल्या नळीतही विषम पटीच मिळतात, हे आपण वर्गात शिकवतोच. आता चालक २८० चा करा. ८०, २००, ३६०, ४८०, ६४०, ७६० असे स्वर येतात. ते २०० च्या पटीत बसत नाहीत. आवाज एकदम घंटेचा! चालकाची पातळी वाढवली, की दूरचे उपस्वर बळावतात आणि आवाज झळझळीत होतो. डीएक्स-७ मध्ये प्रत्येक आवाजासाठी अशा ६ लहरी असतात आणि त्या एकमेकींना जोडण्याच्या ३२ पद्धती. बदलण्याजोगे आकडे शंभराहून अधिक!

इतके आकडे बदलताना मूळ आवाज हरवायचा नाही कसा? फळ्यावरचे गणित पाटीवर उतरवून घ्यावे तसे यंत्र करते. निवडलेल्या आवाजाची नक्कल ते तात्पुरत्या स्मृतीत घेते. खाडाखोड होते ती नकलेवर. 'साठवा' असा हुकूम देईपर्यंत मूळ शाबूत राहते. म्हणूनच तिथे तुलनेचे बटण ठेवता येते. एकदा दाबले की मूळ आवाज, पुन्हा दाबले की सुधारलेला. हे बटण चैनीचे नाही. ध्वनीचे बारकावे कानाला जेमतेम काही सेकंद आठवतात. तासाभरापूर्वीचा आवाज आपल्याला 'आठवतो', तो बराचसा आपणच रचलेला असतो.

बटण असूनही आम्ही फसलो. मित्राच्या कीबोर्डवर घंटेचा एक आवाज आम्ही संध्याकाळभर घासूनपुसून ठेवला. बटण दाबून पाहिले. आमचा आवाज मूळच्यापेक्षा निश्चित गोड! मित्राला शंका आली. आकडे तपासले तर घंटेची जाती जेमतेम बदलली होती, पण त्या नादात वाहकाची पातळी मात्र वाढली होती. आवाज थोडाच मोठा असला तर 'मोठा' असे न वाटता 'अधिक चांगला' वाटतो. हळू आवाजात कानाला खर्ज आणि फार तार स्वर मधल्या स्वरांच्या मानाने कमी ऐकू येतात. आवाज वाढला की ती तूट भरून येते. फ्लेचर आणि मन्सन यांनी कानाचा हा स्वभाव १९३३ साली मोजून दाखवला होता. आम्हाला तो पाठ होता, तरीही!

मग पातळी सारखी केली. आम्ही पाठ करून बसलो, कारण यंत्राचा पडदा कोणता आवाज चालू आहे ते सांगून टाकतो. मित्राने नाणे उडवायचे, छाप पडली तर मूळ आवाज, काटा पडला तर आमचा. दहा फेऱ्यांत आमची सहा उत्तरे बरोबर आली. नुसत्या अंदाजाने सरासरी पाच बरोबर येतातच. आठ किंवा अधिक बरोबर येण्याची शक्यता १०२४ मध्ये ५६, म्हणजे सुमारे साडेपाच टक्के. तेवढी आली असती, तर आम्ही थोडी मान ताठ केली असती. मित्राने काही न बोलता दुसरा आवाज निवडला आणि आमची नक्कल पुसली गेली.

शाळेत सिंथेसायझर नसला तरी अडत नाही. ऑडॅसिटीसारख्या फुकट मिळणाऱ्या संगणक-प्रणालीत २००, ४०० आणि ६०० हर्ट्झचे स्वर मिसळून एक आवाज करावा आणि २००, ६०० व १००० चे मिसळून दुसरा. हा फरक मुले सहज ओळखतील. मग दुसऱ्या आवाजाच्या नकलेत ४०० चा स्वर थोडा थोडा मिसळत जावे आणि ती मूळ दुसऱ्या आवाजाशी ताडून पाहावी. दर वेळी आधी दोन्हींचा जोर सारखा करून घ्यावा आणि नाणे दुसऱ्या मुलाच्या हाती द्यावे. किती मिसळेपर्यंत दहातली उत्तरे पाचाच्या आसपासच राहतात, त्याचा तक्ता मुलांनीच करावा. प्रत्येकाचा आकडा वेगळा येईल आणि त्यावरून वर्गात थोडा गोंधळही होईल. तो होऊ द्यावा.