कार्ड आधी, आजार नंतर

राजीव गांधी जीवनदायी योजना २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत रायगड होता. पुढे ती महात्मा फुले जनआरोग्य योजना झाली आणि आयुष्मान भारतला जोडली गेली. प्रत्येक कुटुंबाला ५ लाखांचे संरक्षण देणारा शासन निर्णय २८ जुलै २०२३ रोजी निघाला. तो लागू झाला १ जुलै २०२४ पासून. मधल्या काळात आजार काही थांबत नाहीत.

मुरूड-श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर अडचण बोटांपाशीच येते. जाळी ओढून, खाऱ्या पाण्यात राबून ठसे झिजतात. यंत्र ते ओळखत नाही. ओटीपीचा पर्याय असतो, पण आधारला जुनाच मोबाइल क्रमांक असला की तोही अडतो. मग चेहऱ्याची पडताळणी उरते. छातीत कळ आल्यावर हे निस्तरायला सवड नसते.

तातडीच्या रुग्णासाठी दूरध्वनीवरून मंजुरी घेऊन उपचार सुरू करता येतात, कागदपत्रे नंतर देता येतात. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला तसे स्पष्ट विचारावे. पण त्यावर विसंबू नये. घरातल्या प्रत्येकाचे कार्ड, शिधापत्रिकेवरचे नाव, आधारचा मोबाइल क्रमांक धडधाकट असतानाच तपासावा. जून-जुलैत मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्याला लागलेल्या असतात. हे काम तेव्हाच उरकावे.