ठोकळ्याच्या पोटातली खूण

प्लास्टिकचा जुना ठोकळा ओळखायचा तर तो आधी उलटा करावा. वरच्या बाजूवर मुलांचे हात फिरलेले असतात, कडा झिजलेल्या असतात, रंग उडालेला असतो. पोटाच्या बाजूला मात्र साच्याने सोडलेल्या खुणा बऱ्याचदा शाबूत राहतात. टॉर्चचा उजेड तिरका पाडून भिंगातून पाहिलं की त्या एकेक करून दिसू लागतात.

पनवेलहून गोव्याच्या रस्त्याला लागलं की मूर्तिकारांचं पेण येतं, त्यामुळे साच्याचं काम इकडच्या माणसाने लहानपणापासून पाहिलेलं असतं. पेणचा कारागीर साच्यातून मूर्ती निघाली की जोडाची रेघ ओल्या हाताने पुसतो, उरलेली पॉलिश पेपरने घासतो. साच्याची खूण दिसणं हा त्याच्या कामात दोष ठरतो. ठोकळे काढणाऱ्या इंजेक्शन मोल्डिंगच्या मशिनवर मात्र एकेका नगावर असा हात फिरवणं परवडत नाही. हॉपरमध्ये प्लास्टिकचा दाणा पडतो, बॅरलमध्ये वितळतो, पोलादी डायच्या, म्हणजे साच्याच्या, दोन भागांमध्ये दाबाने शिरतो, गार होतो आणि पिना त्याला बाहेर ढकलतात. प्रत्येक पायरीची खूण मालावर राहते. प्लास्टिक जिथून आत शिरलं तिथे गेटचा बारीक ठिपका उरतो. डायचे दोन भाग जिथे मिळाले तिथे पार्टिंग लाइन दिसते. पिनांनी रेटलं तिथे गोल वर्तुळं उमटतात. एका डायमध्ये अनेक कॅव्हिटी, म्हणजे ठोकळ्याच्या आकाराच्या पोकळ्या, असल्या तर प्रत्येकीत स्वतंत्र आकडा कोरलेला असतो, कारण खराब नग निघू लागले की नेमकी कुठली कॅव्हिटी बिघडली हे कारागिराला कळायला हवं. कारखान्याने स्वतःच्या सोयीसाठी कोरलेला तो आकडा पन्नास वर्षांनी आपल्याला साक्ष देतो.

यातली सर्वात बोलकी खूण म्हणजे ओरखडा. मुलाने दगडावर घासलेल्या ठोकळ्यावर खोलगट रेघ पडते. डायच्या पोलादावर ओरखडा गेला असेल तर ठोकळ्यावर ती रेघ उंचावून येते आणि त्या कॅव्हिटीतून पुढे निघालेल्या प्रत्येक नगावर त्याच जागी दिसते. दोन ठोकळ्यांचा आकडा एकच असेल, एकावर ती रेघ असेल आणि दुसऱ्यावर नसेल, तर बहुधा बिनरेघेचा आधीचा. डाय जुनी झाली, तिच्या कडा झिजल्या, की पार्टिंग लाइनवर पातळ पापुद्रा सुटू लागतो. त्याला फ्लॅश म्हणतात. त्याच्या जाडीवरूनही क्रम लावता येतो. शिवराईचे अभ्यासक ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपति’ या अक्षरांची वळणं ताडून नाण्यांचे छाप वेगळे करतात, त्याच जातीची ही शिस्त आहे. ठोकळा खेळण्यातला आहे म्हणून तिला कमी लेखू नये.

माप घ्यायला व्हर्नियर कॅलिपर पुरतो. लेगोच्या ठोकळ्यावरच्या दोन शेजारच्या बटणांच्या मध्यांतलं अंतर ८ मिमी, बटणाचा व्यास ४.८ मिमी आणि बटण सोडून ठोकळ्याची उंची ९.६ मिमी असते. पण माप जुळलं म्हणजे ठोकळा लेगोचाच, असं मात्र नाही. मुळात लेगोनेच दुसऱ्याच्या ठोकळ्यावरून सुरुवात केली. इंग्लंडच्या हिलरी पेज यांच्या किडिक्राफ्ट कंपनीने १९४७ मध्ये एकमेकांत अडकणारे ठोकळे बाजारात आणले होते. डेन्मार्कमधल्या बिलुंडच्या, लेगो चालवणाऱ्या ख्रिस्तियानसन बापलेकांनी ते पाहिले, मापं किंचित बदलली, कडा सरळ केल्या, बटणांचे माथे सपाट केले आणि १९४९ मध्ये आपला ठोकळा काढला. तो आतून निव्वळ पोकळ होता, बाजूला खिडक्या-दारं बसवायच्या खाचा होत्या. पुढे ठोकळ्याच्या आत नळ्या आल्या; त्यांचा पेटंट अर्ज २८ जानेवारी १९५८ चा. म्हणून पोटात नळ्या नसलेला लेगोचा दोन-बाय-चार ठोकळा त्याआधीच्या घडणीचा समजावा. पुढे पेटंटची मुदत सरल्यावर लेगोचा टायको या प्रतिस्पर्धी कंपनीशी वाद झाला. हाँगकाँगहून आलेल्या अपिलात लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने १९८८ मध्ये निकाल दिला, की जुने आराखडे किरकोळ बदलून पुन्हा काढल्याने नवा कॉपीराइट मिळत नाही. त्याच मापाचा ठोकळा दुसऱ्या डायमधून निघू शकतो तो असा. तेव्हा निवाडा करायचा तो पोटातल्या खुणांवरूनच.

दाणा कशाचा, हेही सांगता येतं. लेगोने १९६३ मध्ये सेल्युलोज ॲसिटेट सोडून एबीएस घेतलं. ॲसिटेट काही वर्षांनी वाकतं, कधी त्याला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. आपल्याकडच्या स्वस्त ठोकळ्यांत पॉलिस्टायरीन भेटतं. फरशीवर पडलं की ते खणखणतं आणि चटकन तडकतं. रायगड जिल्ह्यातच नागोठण्याजवळ सुप्रीम पेट्रोकेमचा पॉलिस्टायरीनचा कारखाना १९९५ पासून आहे. दाण्याची परीक्षा घरच्या घरी होते. साध्या पाण्यात तरंगला तर ठोकळा बहुधा पॉलिथिलीनचा. मीठ विरघळायचं थांबेल इतकं खारट पाणी करून त्यात टाकला, तर पॉलिस्टायरीन आणि एबीएस वर येतात, ॲसिटेट तळाशी जातं. ठोकळा लगेच काढून पुसावा. ॲसिटेट पाणी शोषतं. ओळखण्यासाठी सुई तापवून टोचणारे लोक पाहिले की जीव हळहळतो. तेवढ्यासाठी पुरावा जाळायचा नसतो.

कंपनीच्या नावावर विसंबणं सर्वात धोक्याचं. आपल्याकडे डाय एका पार्टीची, मशिन दुसऱ्याचं आणि जॉब वर्क तिसऱ्या ठिकाणी, हे सर्रास चालतं. डायमध्ये बसवलेला नावाचा तुकडा, म्हणजे इन्सर्ट, बदलला की तीच डाय दुसऱ्या नावाने चालते. मग अक्षरांभोवती चौकटीची पुसट रेघ तेवढी राहते. डाय देशोदेशी फिरतात. एमआरएफ आणि हॅस्ब्रो यांनी १९८७ मध्ये सुरू केलेल्या फन्स्कूलच्या गोव्यातल्या कारखान्यात अमेरिकेच्या ‘जी. आय. जो’ बाहुल्या हॅस्ब्रोच्या साच्यांतून निघत; जगभरचे संग्राहक आज त्यांचे अवयव ताडून कुठला साचा भारतात आला ते शोधतात. लेगोने मात्र एकेकाळी बाद झालेले साचे कारखान्याच्या पायाच्या काँक्रीटमध्ये गाडले, दुसऱ्याच्या हाती पडू नयेत म्हणून. आपल्या बाद डाय भंगारात जातात, त्यांचं पोलाद किलोवर विकलं जातं. जुन्या ठोकळ्यासाठी सरकारी खुणेचाही आधार नाही: खेळण्यांवर आयएसआयची खूण सक्तीची झाली ती १ जानेवारी २०२१ पासून. त्याआधीच्या ठोकळ्यांवर ती शोधत बसण्यात अर्थ नाही.

म्हणून पनवेल, पेण, तळोजा पट्ट्यातल्या वाचकांना एक विनंती आहे. माळ्यावरचा ठोकळ्यांचा डबा भंगारवाल्याला देण्याआधी प्रत्येक जातीचा एकेक ठोकळा उलटा करून तिरक्या उजेडात त्याचा फोटो काढा. माप, रंग आणि पोटातला आकडा लिहून ठेवा. कुठल्या साली, कुठल्या बाजारात घेतला होता हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून त्यापुढे नोंदवा. खोका उरला असेल तर तो फाडू नका. आणि तुमच्या घरात कुणी डायमेकर किंवा मोल्डिंग ऑपरेटर असेल, तर कुठली डाय कुणाची होती आणि पुढे कुठे गेली, ते त्यांच्याकडून आजच उतरवून घ्या.