तपकिरी होल्याचे आटोपशीर घर

दहा-पंधरा काटक्या एकमेकींवर टाकल्यासारख्या, खालून पाहिले तर अंडी दिसावीत इतकी विरळ वीण. तपकिरी होल्याचे घरटे एवढेच असते. भोपाळच्या बाग सेवनिया भागात ते बाभळीच्या फांदीवर दिसते, तसेच खिडकीच्या छज्ज्यावर किंवा एसीच्या बाहेरच्या युनिटवरही. इतक्या तकलादू घरात वाढूनही हा पक्षी आफ्रिकेपासून भारतापर्यंतच्या कोरड्या, विरळ झाडीच्या मुलखात सर्वत्र टिकून आहे. भोपाळचे लोक त्याला फाख्ता म्हणतात.

चोचीपासून शेपटीपर्यंत तो जेमतेम 25 ते 27 सेंटीमीटर भरतो. डोके आणि मान गुलाबीसर, पाठ मातकट तपकिरी, पंखांच्या कडेला निळसर राखाडी झाक. गळ्याखाली तांबूस पट्ट्यावर काळे ठिपके, हीच त्याची खूण. ठिपकेवाल्या होल्याची काळी-पांढरी नक्षी मात्र मानेच्या मागच्या बाजूला असते.

निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने 1766 मध्ये या जातीला सेनेगल देशावरून नाव दिले. भारतातल्या उपजातीचे ‘कॅम्बेयेन्सिस’ हे नाव खंबातवरून आले आहे. 1898 मध्ये ऑस्ट्रेलियातील पर्थच्या प्राणिसंग्रहालयातून काही होले सोडले गेले आणि त्यांनी तिथल्या शहरातही बस्तान बसवले.

या यशाचे मोठे कारण त्याच्या गळ्यातल्या पिशवीत आहे.

चिमणीसारखे दाणे टिपणारे बहुतेक पक्षी पिल्लांना मात्र किडे भरवतात, कारण वाढीला प्रथिने लागतात. त्यामुळे त्यांची वीण किड्यांच्या हंगामाशी बांधलेली असते. होला मुख्यतः दाण्यांवरच भागवतो. पिल्ले अंड्यातून बाहेर येण्याच्या सुमारास नर आणि मादी दोघांच्याही अन्नपिशवीचे अस्तर जाड होते, त्यातल्या पेशी स्निग्ध पदार्थांनी भरतात आणि सुटून पनीरासारखा लगदा तयार होतो. प्रथिने आणि स्निग्धांश यांनी भरलेले हे ‘कपोतदुग्ध’ पिल्ले आईबापांच्या चोचीत चोच घालून खातात. सस्तन प्राण्यांत दूध आणणारे प्रोलॅक्टिन हेच संप्रेरक इथेही काम करते. 1930च्या दशकात ऑस्कर रिडल या अमेरिकी शास्त्रज्ञाने या संप्रेरकाची ओळख पटवली, ती कबुतरांच्या अन्नपिशवीवरच्या प्रयोगांतून.

म्हणून दाणे मिळतील तेव्हा होला वीण काढू शकतो, अगदी वर्षभर. मादी दोन पांढरी अंडी घालते, दोघे आळीपाळीने ती सुमारे दोन आठवडे उबवतात आणि आणखी दोन आठवड्यांत पिल्ले उडू लागतात. एक घरटे मांजराने किंवा कावळ्याने लुटले, तरी जोडी लवकरच दुसऱ्या काटक्या गोळा करू लागते.

त्याची खरी गरज पाण्याची आहे. कोरड्या दाण्यांत ओलावा फारच कमी, म्हणून तो नेमाने पाण्यावर येतो आणि मान वर न करता, चोच बुडवून सलग ओढून पाणी पितो. बहुतेक पक्ष्यांना हे जमत नाही.

वस्ती वाढते तशी मोकळ्या भूखंडांवरची गवते आणि काटेरी झुडपे नाहीशी होतात. तेव्हा आवारातला एखादा कोपरा बी धरेपर्यंत कापू नका, उन्हाळ्यात सावलीत पसरट भांड्यात पाणी ठेवा आणि छज्ज्यावर घरटे दिसलेच, तर महिनाभर त्याला हात लावू नका.