थांबलेल्या खात्यांचा शोध

केज तालुक्यातील नांदूरघाटसारख्या गावी ज्या व्यापारी घराण्यांनी दोन-तीन पिढ्या पेढी सांभाळली, त्यांच्या जुन्या वह्यांतून एक गोष्ट हटकून आढळते. सुगीला जमा, पावसाळ्यात उधार असे चालत आलेले एखादे खाते अचानक थांबते. खातेदाराने पैसे बुडविलेले नसतात. त्याने गाव सोडलेले असते. बालाघाटाच्या या पट्ट्यात पाऊस वारंवार दगा देतो, दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या गाड्या निघतात, आणि काही कुटुंबे पुन्हा माघारी न येता पुणे, पिंपरी-चिंचवड वा छत्रपती संभाजीनगर येथील वस्त्यांत स्थिरावतात. स्थिरावतात हा शब्दही सौजन्याचाच म्हणायचा. पत्र्याची खोली, बाप बांधकामावर, आई चार घरची धुणीभांडी करणारी, आणि धाकट्याला सांभाळण्यासाठी शाळा बुडविणारी थोरली मुलगी.

व्यापारी घरांतील मुलेही शिक्षण आणि धंद्यासाठी त्याच शहरांत गेली. दुकानदाराचा नातू ज्या इमारतीत राहतो, तिच्या मागच्या वस्तीत त्या खातेदाराची नात राहत असण्याचा संभव थोडाथोडका नाही. शहरी गरिबांसाठी काम करणाऱ्या संस्थेला साहाय्य करणे हा म्हणून परक्यांवरचा उपकार ठरत नाही. जुन्याच गिऱ्हाइकाशी असलेला तो संबंध आहे.

बीड जिल्ह्याच्याच मातीतून आलेल्या एका कार्यकर्त्याने हा संबंध फार पूर्वी ओळखला. श्री. शांतिलालजी मुथ्था यांचे मातृछत्र बालपणीच हरपले. आष्टी तालुक्यातील कडा येथील जैन वसतिगृहात राहून ते शिकले, पुण्यास येऊन बांधकाम व्यवसायात त्यांनी यश मिळविले, आणि ऐन उमेदीत व्यवसायातून निवृत्त होऊन १९८५ मध्ये भारतीय जैन संघटनेची स्थापना केली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे झोपली असता, किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला. सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. धान्य, ब्लँकेटे, भांडी यांचा ओघ सर्व बाजूंनी सुरू झाला. संघटनेने मात्र भूकंपग्रस्त भागातील सुमारे १२०० मुलांना पुण्यास आणले आणि त्यांच्या शिक्षणाचे दायित्व स्वीकारले. त्यातूनच पुढे वाघोलीचे शैक्षणिक पुनर्वसन केंद्र उभे राहिले. मेळघाटातील आदिवासी मुले आणि आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांतील मुले कालांतराने तेथेच शिकली.

या कामाचे खरे मोल त्याच्या कालावधीत आहे. ब्लँकेट एका दिवसात वाटून होते; पाचवीतल्या मुलाला दहावीपर्यंत नेण्यास पाच वर्षे लागतात. त्या पाच वर्षांत त्याला कावीळ होते, घराची आठवण येते, गणितात नापास होण्याची वेळ येते. वर्तमानपत्रांतील छायाचित्रे थांबल्यावरही वसतिगृहाची चूल पेटती ठेवावी लागते.

आरोग्याच्या बाबतीतही संघटनेचा अनुभव बोलका आहे. पंढरपूर येथे जन्मलेले आणि अमेरिकेत स्थायिक झालेले प्लास्टिक सर्जन डॉ. शरदकुमार दीक्षित स्वतः गंभीर व्याधींनी ग्रस्त असतानाही दरवर्षी भारतात येऊन दुभंगलेले ओठ, चेहऱ्यावरील व्रण, पापण्यांचे दोष यांवर विनामूल्य शस्त्रक्रिया करीत. त्यांच्या शिबिरांचे आयोजन संघटनेने वर्षानुवर्षे केले. २०२० च्या टाळेबंदीत शहरांतील दवाखाने बंद पडले, तेव्हा संघटनेचे फिरते दवाखाने वस्त्यावस्त्यांत पोहोचले.

आहार, औषध, ज्ञान आणि अभय हे दानाचे चार प्रकार जैन घरांत लहानपणापासून कानांवर पडतात. आहारदानाची परंपरा चातुर्मासात उत्साहाने पाळली जाते. औषध आणि ज्ञान यांच्याकडे वळताना मात्र दात्यांची दृष्टी बहुधा इमारतीवर जाते. खोलीवर नाव कोरता येते. परिचारिकेच्या पगारावर कोरता येत नाही. म्हणूनच अनेक संस्थांत वर्ग चांगले असतात आणि शिक्षक टिकत नाहीत. एखाद्या कुटुंबाने तीन वर्षांसाठी एका आरोग्यसेविकेचे मानधन स्वीकारले, तर ते दान फलकावर दिसणार नाही, पण वस्तीतील गर्भवतींना ते दर आठवड्याला दिसेल. हिशेबी मंडळींसाठी एक व्यावहारिक सूचना : देणगीवरील प्राप्तिकर सवलत जुन्या करप्रणालीतच मिळते, २००० रुपयांहून अधिक रोख देणगीस मिळत नाही, आणि संस्थेकडून देणगीचे प्रमाणपत्र घ्यावे लागते.

पैशापेक्षाही दुर्मिळ असते ती कागदांची मदत. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीने राखून ठेवणे बंधनकारक आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार विनाअनुदानित खासगी शाळांत प्रवेशाच्या वर्गातील २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांतील बालकांसाठी असतात. सोयी आहेत, परंतु त्यांच्या दाराशी कागदपत्रे मागितली जातात. वंचित घटकातून अर्ज करावयाचा तर जातीचा दाखला हवा. तो मूळ गावच्या उपविभागातून काढावा लागतो आणि त्यासाठी बहुधा वडिलांचा वा आजोबांचा शाळेचा निर्गम उतारा लागतो. पुण्यातील मजुराने त्यासाठी केजकडे यावे तर दोन-तीन दिवसांची मजुरी बुडते, आणि एका खेपेत काम होईलच असे नाही.

येथे नांदूरघाटच्या पेढीवर बसलेला माणूस उपयोगी पडतो. शाळा त्याच्या परिचयाची असते, कार्यालयातील वेळा त्याला ठाऊक असतात, आणि तालुक्याला त्याची फेरी मालासाठी होतच असते. शहरात काम करणाऱ्या संस्थेने नावांची यादी आणि कुटुंबांची संमतिपत्रे पाठवावीत, गावातील दोन तरुणांनी ते उतारे मिळवून द्यावेत, एवढी व्यवस्था झाली तरी शाळाप्रवेशाच्या अर्जाची मुदत संपण्यापूर्वी काही मुलांचे कागद पूर्ण होतील. यादीतील आडनावे वाचताना दुकानातील ज्येष्ठांना जुनी वही उघडावीशी वाटेल, आणि कोणाचे खाते कोणत्या पानावर थांबले होते, हे त्यांना बहुधा न शोधताच आठवेल.